‘नंबर नाही लागला तर फिजिओ कर’: एका व्यवसायाची सव्वाशे वर्षं

  ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं, किंवा अभ्यास चाललाय असं दाखवायला ज्यांना इअरफोन काढून ठेवावे लागतात, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोललोय तसंच आहे, फक्त थोडं झाडूनपुसून.

आजचा भाग एका वाक्यावर आहे. हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. दहावी झाली, सायन्स घेतलं, बायोलॉजी आवडते, आणि घरी कोणी पाहुणे आले की विचारतात, “पुढे काय?” तुम्ही म्हणता, “फिजिओथेरपी करायचा विचार आहे.” त्यावर काका प्रेमानेच म्हणतात, “हो हो, चांगलंय. एमबीबीएसला नंबर नाही लागला तर ते आहेच.”

‘ते आहेच.’ म्हणजे उरलंसुरलं. लग्नाच्या पंगतीत जिलेबी संपली की बुंदी वाढतात, तसं काहीतरी.

तर आज आपण हे बघू, की हा व्यवसाय खरंच डॉक्टरकीतून उरलेल्या तुकड्यांचा बनलाय का? तो कुठून आला, कोणी उभा केला, त्यासाठी कोणाला काय शिकावं लागलं? आणि त्या सगळ्यातून आज नववी ते बारावीत असलेल्या मुलामुलींनी काय घ्यायचं? करिअर गायडन्सचे व्हिडिओ तुम्हाला ढिगाने मिळतील. आपण इतिहासातून जाऊ, कारण मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

सतरा वर्षांची मुलगी आणि डॉक्टरांचा सांगाडा

सुरुवात ऑस्ट्रेलियातून. क्वीन्सलँड प्रांत, साधारण १८९७ साल. एलिझाबेथ केनी नावाची सतरा वर्षांची मुलगी घोड्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. वडिलांनी तिला टूवूम्बा गावी डॉ. इनियस मॅकडॉनेल यांच्याकडे नेलं. हात बरा होईपर्यंत ती तिथे राहिली, आणि त्या दिवसांत तिने डॉक्टरांची शरीररचनेची पुस्तकं वाचायला घेतली. त्यांच्याकडे एक सांगाडाही होता. कुठलं हाड कुठे, कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, हे ती त्या सांगाड्यावर बघत बसायची.

तिचा धाकटा भाऊ अंगाने फार अशक्त होता. त्याचे स्नायू मजबूत कसे करायचे, हे तिला शोधायचं होतं. म्हणजे आधी घरातला प्रश्न आला, मग पुस्तक. परीक्षा नव्हती, मार्क नव्हते. शाळाही तिची फारशी झालेली नव्हती.

हिला आता इथेच थांबवू. ती पुढे परत येणार आहे, आणि जगभरातल्या डॉक्टरांशी भांडणार आहे. त्याआधी आपल्याला लंडनला जायचंय, कारण तिथे नेमक्या त्याच काळात ‘मालिश’ हा शब्द बदनाम झाला होता.

चार नर्स आणि एक बदनामी

१८९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलं, की लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणारी बरीच ठिकाणं प्रत्यक्षात वेश्याव्यवसायाची आहेत. झालं! पेपरांत बोभाटा झाला. आता विचार करा, ज्या नर्स हॉस्पिटलमध्ये खरोखर रुग्णांना मसाज आणि व्यायाम देत होत्या, त्यांचं काय झालं असेल? लोक त्यांच्याकडेही त्याच नजरेने बघायला लागले.

त्यातल्या चौघींनी ठरवलं, की आपण गप्प बसायचं नाही. ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर. त्यांनी त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ काढली. नावातला महत्त्वाचा शब्द ‘ट्रेन्ड’. शिकलेल्या. त्यांनी नियम घालून घेतले: डॉक्टरने सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही, वाट्टेल तिथे जाहिरात करायची नाही, औषधं विकायची नाहीत. पुरुष रुग्णांना तर अपवाद म्हणूनच, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. आणि परीक्षा ठेवली. शरीररचना येत नसेल तर सर्टिफिकेट नाही.

आज हे नियम काहीसे जुनाट वाटतील. पण त्यामागची चाल बघा. “आमच्यावर विश्वास ठेवा” असं त्या नुसतं म्हणत बसल्या नाहीत. “आमची परीक्षा घ्या,” असं म्हणाल्या. १९२० मध्ये या संस्थेला राजसनद मिळाली, आणि १९४४ मध्ये तिचं नाव ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झालं. आजही तीच ब्रिटनमधली या व्यवसायाची मुख्य संस्था आहे.

युरोपात याच्याही आधी एक धागा होता. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग नावाच्या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली होती. उपचार म्हणून व्यायाम ही गोष्ट तिथे शिस्तीत शिकवली जायची. लंडनच्या बायका मसाज शिकत होत्या, स्वीडनचे लोक व्यायाम. हे दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मालिश काय नवीन होतं का? अजिबात नाही. तालमीत पैलवानांचं अंग रगडणारे होतेच. गावोगावी हाडवैद्य होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरातले प्रोफेसर माणिकराव तर निखळलेली हाडं बसवण्यासाठी लांबलांब प्रसिद्ध होते. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनं करताना शरीरात काय होतं, हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. म्हणजे हात होते, ज्ञानही होतं. पण बरंचसं ज्ञान त्या-त्या वस्तादाच्या हातात होतं. वस्ताद गेला की ते शिष्याकडे, शिष्य नसेल तर गेलंच. सगळ्यांना लागू होईल असा एक अभ्यासक्रम, एक परीक्षा, एक नोंदणी, हे यायला आपल्याकडे १९५० चं दशक उजाडलं. ते कसं आलं, ते पुढे बघूच.

युद्ध आलं आणि खुर्च्या कमी पडल्या

पहिलं महायुद्ध. तोपर्यंत एवढ्या संख्येने तरुण माणसं एकदम जखमी झाली नव्हती. शस्त्रक्रिया सुधारल्या होत्या, त्यामुळे पूर्वी जी मेली असती ती माणसं जगत होती. पण जगून करायचं काय? गुडघा वाकत नाही, खांदा वर जात नाही, पाय कापलाय. सर्जनचं काम टाके घालून संपतं. खरा प्रश्न टाके निघाल्यावर सुरू होतो.

अमेरिकेने यासाठी बायकांची भरती केली. त्यांना नाव दिलं ‘रिकन्स्ट्रक्शन एड’, म्हणजे माणूस पुन्हा उभा करायला मदत करणाऱ्या. त्यातल्या बऱ्याच जणी शारीरिक शिक्षण शिकलेल्या होत्या. आपल्या भाषेत, पीटीच्या शिक्षिका! त्यांना घाईघाईने शरीररचना, मसाज, उपचारात्मक व्यायाम शिकवायचे कोर्स निघाले. ओरेगन राज्यातल्या रीड कॉलेजात असा एक मोठा कोर्स झाला.

तिथे शिकवायला होती मेरी मॅकमिलन. गंमत बघा, ही आणि आपली ऑस्ट्रेलियातली एलिझाबेथ, दोघींचा जन्म १८८० चा. मॅकमिलन अमेरिकेत जन्मली, पण लहानपणी इंग्लंडला गेली, शारीरिक शिक्षण शिकली, आणि मग लिव्हरपूलला सर रॉबर्ट जोन्स या मोठ्या अस्थिशल्यतज्ज्ञाच्या हाताखाली काम केलं. म्हणजे कॉलेजही झालं होतं आणि वॉर्डही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या फिजिकल थेरपिस्टांची पहिली राष्ट्रीय संघटना निघाली आणि मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष झाली. त्याच वर्षी तिचं मसाज आणि उपचारात्मक व्यायामावरचं पुस्तकही आलं.

पण एक गोष्ट इथे विसरू नका. युद्धात एवढं काम करूनही या बायकांना सैनिकाचा दर्जा मिळाला नाही. त्यांना नागरी कर्मचारी म्हणूनच धरलं गेलं. काम महत्त्वाचं, पण मान दुसऱ्या पंगतीचा. ओळखीचं वाटतंय ना?

पोलिओ: जिथे औषधच नव्हतं

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा टप्पा. तुमच्यापैकी अनेकांनी पोलिओ म्हणजे ‘दो बूंद जिंदगी के’ एवढंच पाहिलंय. पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या वर्गात, वाड्यात, चाळीत पायाला कॅलिपर लावून चालणारं एखादं पोर असायचंच.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या त्या पेशींवर हल्ला करतो, ज्या स्नायूंना ‘हल’ असा हुकूम देतात. स्पर्श कळतो, दुखलेलं कळतं, पण पाय हलत नाही. त्यात आणखी वाईट म्हणजे सगळे स्नायू सारखे लुळे पडत नाहीत. एका बाजूचा स्नायू जिवंत राहतो, समोरचा मरतो. मग जिवंत स्नायू एकटाच ओढत राहतो आणि पाय हळूहळू वाकडा होतो. रस्सीखेचीत एका बाजूची टीम निघून गेली तर काय होईल, तसंच.

१९१६ मध्ये अमेरिकेत पोलिओची भयंकर साथ आली. सुमारे २७,००० लोकांना लागण, सुमारे ६,००० मृत्यू. औषध शून्य. लस यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. अशा वेळी डॉक्टर काय करणार?

बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिना राइट यांनी एक साधी वाटणारी पण जबरदस्त गोष्ट केली. मुलाच्या अंगातला एकेक स्नायू तपासायचा आणि त्यात किती ताकद उरलीय, ते लिहून ठेवायचं. पण ताकद मोजायची कशी? यंत्र कुठून आणणार? त्यांनी सगळीकडे फुकट मिळणारी गोष्ट वापरली: गुरुत्वाकर्षण.

आज जगभर जी पट्टी वापरतात, ती ० ते ५ अशी आहे. स्नायू अजिबात आवळला नाही तर ०. नुसती थरथर जाणवली तर १. गुरुत्वाकर्षणाची अडचण काढून टाकली, म्हणजे पाय गादीवर आडवा सरकवायला सांगितला, आणि तेवढा जमला तर २. पाय गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध उचलता आला तर ३. वरून हाताने थोडं दाबलं तरी टिकला तर ४. पूर्ण ताकद असेल तर ५.

जरा थांबून बघा. २ आणि ३ मधला फरक म्हणजे दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा. “हे आयुष्यात कुठे लागणार?” असं आपण ज्याला म्हणतो, त्यावर एखादं मूल स्वतःच्या पायावर उभं राहणार की नाही, हे ठरतं.

केनी परत येते

आता आपल्या एलिझाबेथकडे. ती खेड्यापाड्यात नर्स म्हणून काम करू लागली होती. रीतसर नर्सिंगचं शिक्षण नव्हतंच. १९११ मध्ये एका लुळ्या पडलेल्या मुलीला बघायला तिला बोलावलं. तिच्या आत्मचरित्रात ती सांगते, की तिने डॉ. मॅकडॉनेल यांना तार करून लक्षणं कळवली, आणि उत्तर आलं: हा पोलिओ आहे, उपचार माहीत नाही, जमेल ते कर.

त्या काळी पोलिओच्या मुलांचे हातपाय प्लास्टर आणि खपच्यांमध्ये महिनोन् महिने जखडून ठेवायचे, वाकडे होऊ नयेत म्हणून. केनीने उलटं केलं. गरम पाण्यातून पिळलेल्या लोकरीच्या पट्ट्या आखडलेल्या स्नायूंवर ठेवल्या, वेदना कमी केल्या, आणि मग हातपाय हळूहळू हलवायला सुरुवात केली. मुलाला पुन्हा शिकवायचं: हा स्नायू तुझा आहे, त्याच्याकडे लक्ष दे, त्याला हलव.

डॉक्टर भडकले. क्वीन्सलँड सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १९३८ मध्ये त्याने तिच्या पद्धतीवर कडक टीका केली. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली. मिनियापोलिसच्या काही डॉक्टरांनी तिचं काम डोळ्यांनी बघितलं, आणि १९४२ मध्ये तिथे तिच्या नावाची संस्थाच उभी राहिली. १९४६ मध्ये तिच्यावर हॉलिवूडमध्ये सिनेमा निघाला. जखडून ठेवण्याची पद्धत हळूहळू मागे पडली.

मग केनी जिंकली का? हो, पण अर्धीच. तिचे हात बरोबर होते. पण पोलिओ म्हणजे नेमकं काय होतं, याचा तिने मांडलेला सिद्धांत टिकला नाही. शास्त्रज्ञांनी तिला प्रश्न विचारले की ती चिडायची, आणि आपल्या शब्दांवर अडून बसायची. ज्या डॉक्टरांनी तिची पद्धत घेतली, त्यांनीही तिचं स्पष्टीकरण बाजूला ठेवलं. सांगाड्यासमोर बसून शिकलेल्या मुलीला शरीर दिसत होतं. पण ‘का’ हे इतरांना पटेल असं मांडायचं शिक्षण तिला कोणी दिलंच नव्हतं. ते मिळालं असतं, तर कदाचित तिची कितीतरी वर्षं भांडणात गेली नसती. आणि डॉक्टरांनी जरा कमी अहंकार दाखवला असता, तर कितीतरी मुलांची वर्षं प्लास्टरमध्ये गेली नसती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. फिजिओथेरपी दोन गोष्टींवर उभी आहे: बरोबर हात आणि बरोबर कारण. एकच असेल तर गाडी अडते.

परळ आणि हाजी अली

आता मुंबईत येऊ. फातेमा इस्माईल हे नाव ऐकलंय? स्वातंत्र्यलढ्यात काम केलेल्या बाई. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी वणवण करताना त्यांच्या लक्षात आलं, की अशा मुलांसाठी आपल्याकडे सोयच नाही. दुसऱ्या कोणी ती करेल याची वाट न बघता त्यांनी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था सुरू केली. पुढे तिच्यातूनच हाजी अलीला मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण हॉस्पिटल उभं केलं तरी व्यायाम कोण देणार? माणसं हवीत, शिकलेली माणसं. १९५२-५३ च्या सुमारास परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने फिजिओथेरपीचं स्कूल सुरू झालं. भारतात या विषयाच्या रीतसर शिक्षणाची सुरुवात तिथली मानतात. १९५५ मध्ये हाजी अलीलाच पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली, आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही स्थापन झाली.

म्हणजे मंडळी, तुम्ही जे शिकायचा विचार करताय, त्याचं भारतातलं पहिलं पान आपल्या परळमध्ये लिहिलं गेलंय. एल्फिन्स्टन ब्रिजवरून रोज जाणाऱ्यांनाही हे माहीत नसायचं.

पेठ इस्लामपूरचा पोरगा

‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा तुम्ही बघितला असेल. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात गेले, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. ते पोहायला लागले. आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं, तेही जागतिक विक्रमासह. भारताचं हे पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्राला वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ उजाडलं.

आता सिनेमात न दिसणारी गोष्ट. पॅरालिम्पिक स्पर्धाच मुळात एका हॉस्पिटलच्या वॉर्डातून जन्मल्या. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्यापूर्वी अशी माणसं बहुतेक वेळा बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने मरायची. गुटमान यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलवायला लावली, रात्रीसुद्धा. आणि व्यायामात खेळ आणला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या आवारात १६ जणांची व्हीलचेअरवरची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिथून रोम १९६०, तिथून हायडलबर्ग, तिथून आपले पेटकर.

दर दोन तासांनी कूस बदलणं. यात काही ग्लॅमर आहे का? रील करता येईल का? पण त्यानेच माणसं जगली.

मग पोलिओ गेला, फिजिओ का राहिला?

भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजाराने हा व्यवसाय आपल्याकडे आणला, तो गेला. पण काम वाढलंच. पक्षाघात झालेले आजोबा, गुडघा बदललेली आत्या, बाइकवरून पडलेला मित्र, सेरेब्रल पाल्सी असलेलं बाळ, आयसीयूत छातीत कफ साठलेला रुग्ण. कोविडच्या काळात श्वास परत मिळवायला मदत करणाऱ्यांत फिजिओ होते. मैदानात बॅग घेऊन धावत जाणारा फिजिओ टीव्हीवर दिसतो, पण बहुतेक फिजिओ अशाच ठिकाणी असतात, जिथे कॅमेरा नसतो.

आणि १८९४ चं भांडण? तेही पूर्ण संपलेलं नाही. २०२१ मध्ये संसदेने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉ.’ लावू नये असं केंद्रीय आरोग्य खात्याच्या महासंचालनालयाचं पत्र निघालं, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं गेलं. मान कोणाला, किती, हा वाद चालूच राहील. त्या चार नर्सचं उत्तर मात्र अजून लागू पडतं: आमची परीक्षा घ्या.

तर आत्ता, शाळेत असताना काय करायचं?

इतिहासातूनच काढूया.

पहिलं, ‘का’ची तयारी. महाराष्ट्रात बीपीटीएचला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट लागतं. चार वर्षांचा अभ्यास आणि वर इंटर्नशिप. इंटर्नशिपचा काळ आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. पण फिजिक्सला फक्त नीटसाठी सहन करू नका. कोपर म्हणजे तरफ आहे. पाण्यात उभं राहिल्यावर गुडघ्यावरचा भार कमी का होतो, हे आर्किमिडीजने सांगितलंय. सांध्याची हालचाल मोजायचं साधन म्हणजे दोन दांड्या लावलेला कोनमापकच असतो. बायोलॉजीतला सांगाडा आणि स्नायूंचा धडा वाचताना प्रत्येक नाव स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शोधा. केनीकडे सांगाडा होता, तुमच्याकडे स्वतःचा हात आहे.

दुसरं, बघायची सवय. बसस्टॉपवर माणसं कशी चालतात ते बघा. कोण पाय ओढतंय, कोण एका बाजूला झुकतंय? घरी आजी खुर्चीतून उठताना आधी काय करते? हात टेकवते, पुढे वाकते, की झोका घेते? वहीत लिहा. राइटबाईंनी वेगळं काय केलं? बघितलं आणि लिहिलं. फक्त एक पथ्य पाळा: बघायचं, उपचार करायचे नाहीत. यूट्यूब बघून कोणाची मान मोडायची नाही.

तिसरं, वॉर्ड आधी बघून या. सुट्टीत जवळच्या हॉस्पिटलच्या किंवा कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात रीतसर परवानगी मागा, दोन-तीन दिवस कोपऱ्यात बसू द्याल का म्हणून. एकच आजी तोच पाय विसाव्यांदा उचलते, आणि फिजिओ विसाव्यांदा “शाब्बास आजी, अजून एकदा” म्हणते. ते बघून कंटाळा आला, तर आत्ताच कळलेलं बरं. आणि तिथे बसून तुम्हीच मनात एकविसावा आकडा मोजायला लागलात, तर समजा तुमचं काहीतरी जुळतंय. तिथल्यांना पगाराचंही विचारा, लाजू नका. सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी कमीच असतो. हे घरच्यांना कोर्सच्या चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

चौथं, स्वतःचं शरीर आणि स्वतःची भाषा. रुग्णाला आधार देऊन उभं करायचं तर तुमची कंबर आधी धड हवी. खेळ सोडू नका, एनसीसी किंवा स्काऊट-गाइड असेल तर घ्या, प्रथमोपचार शिका. आणि पुस्तकं इंग्रजीत असतील, पण आजीला ‘फ्लेक्शन’ सांगून चालत नाही, ‘गुडघा दुमडा’ सांगावं लागतं. एखादी अवघड गोष्ट तिच्या शब्दांत सांगता येणं हे या कामाचं अर्धं भांडवल आहे.

आणि पाहुणे म्हणाले, “ते आहेच,” तर भांडू नका. त्यांना विचारा, “काका, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला पहिल्यांदा उभं कोणी केलं होतं?” उत्तर देताना ते बहुतेक त्या माणसाचं नावही सांगतील. सर्जनचं नाव कदाचित आठवणार नाही.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात कोणाला पोलिओ झाला असेल, कॅलिपर, कुबड्या, व्यायामाच्या फेऱ्या यांच्या आठवणी असतील, तर त्यांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. त्या पिढीच्या आठवणी आता झपाट्याने कमी होतायत, आणि त्या ऐकायला हव्यात. पुढच्या भागात भेटू. तोवर पाठ सरळ करून बसा!